फडावरची विठाबाई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र सांगावे असा आपल्या मंडळांचा जुना प्रघात आहे. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण अनेकदा ऐकली आणि पुढेही ऐकू. आज मात्र मी एका अशा बाईंविषयी बोलणार आहे, की ज्यांचे नाव आपल्या घरच्या पुरुषमंडळींना तोंडपाठ होते, पण ते ओसरीच्या आत सहसा आले नाही. त्या बाई म्हणजे तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. विषय ऐकून काही भगिनींच्या कपाळाला आठी पडली असेल. ती पडणे स्वाभाविक आहे. ती का पडते आणि पडावी की पडू नये, हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. विठाबाई नारायणगावच्या म्हणून प्रसिद्ध असल्या, तरी त्यांचे मूळ आपल्याच मातीत आहे. त्यांचे आजोबा नारायण खुडे हे शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. त्यांनी तमाशाचा फड उभा केला. पुढे फडाचे ठाणे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावी झाले आणि गावाचे नाव फडाला लागले. नारायणरावांचे मुलगे भाऊ आणि बापू यांनी तो फड नावारूपाला आणला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने तो ओळखला जाई. या नावात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या काळी खालच्या समजल्या गेलेल्या जातीच्या माणसाने गावात आपली जात आवाज खाली करून सांगावी अशी रीत होती, त्या काळी या मंडळींनी आपल्या समाजाचे नाव फडाच्या नावातच घातले. तेच नाव पुढे विठाबाईंनीही आयुष्यभर लावले.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपुरास झाला. वडील भाऊ फडाचे मालक, तेव्हा घर म्हणजेच फड. आपल्या लेकी भातुकली खेळतात त्या वयात या मुलीच्या कानांवर गण, गौळण, लावणी आणि भेदिक कवने पडत होती. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही. नाच-गाण्याची रीतसर तालीम अशीही कोणी दिली नाही. पण लहानपणीच त्या फडावर उभ्या राहिल्या आणि पाहणाऱ्यांना कळून चुकले, की ही पोर काही निराळीच आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी ढोलकीफडाचा तमाशा प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. म्हणून त्याची रचना थोडक्यात सांगते. आरंभी ‘गण’ होतो, म्हणजे गणपतीला आवाहन. आपण सत्यनारायणापूर्वी गणेशपूजन करतो, तद्वतच हे. मग ‘गौळण’ येते. मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि गवळणींबरोबरची मावशी. या मावशीचे काम पुरुषच करतो आणि हशा पिकवतो. त्यानंतर बतावणी, रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी ‘वग’, म्हणजे मोठे कथानक. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज. गाणारीच्या मागे झीलकरी उभे असतात. तिने ओळ सोडली की ते ती उचलून धरतात, त्यामुळे तिला श्वास घ्यायला क्षणभर उसंत मिळते. गण ते वग हा सगळा ऐवज रात्रभर चालत असे. गावाला जाग असेपर्यंत फडालाही झोप नसे.

आता विचार करा, ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी उघड्या माळावर, हजारोंच्या गर्दीत, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवायचा म्हणजे गळ्याची केवढी तयारी लागत असेल! नुसते ओरडून भागत नाही. शब्द तुटता कामा नये, सूर उतरता कामा नये आणि त्याच वेळी पाय तालात पडले पाहिजेत. पायांत घुंगरांचे ओझे ते वेगळेच. बैठकीत बसून लावणी गाणारीला अदाकारीला वाव असतो. फडावर उभे राहून गाणारीला दम, गळा आणि हजरजबाबीपणा हे तिन्ही लागतात. प्रेक्षकांतून कोणी वेडावाकडा शब्द टाकला तर सोंगाड्याच्या जोडीने तो तिथल्या तिथे परतवावा लागतो. विठाबाईंच्या ठायी हे सारे गुण एकवटले होते, म्हणूनच ‘तमाशासम्राज्ञी’ हे बिरुद लोकांनी त्यांना दिले.

त्यांच्या बालपणीच तमाशावर एक मोठे संकट आले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. सरकारचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्या वेळी काही फडांतून हिणकस प्रकार चालत असत, हेही खरे. परंतु एका आदेशाने शेकडो कुटुंबांच्या चुली विझल्या. कलावंतांनी सरकारदरबारी खेटे घातले, जाणत्या माणसांनी त्यांची बाजू मांडली. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मग संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत सुरू झाली आणि तमाशा पुन्हा उभा राहिला. विठाबाई त्या वेळी बारा-तेरा वर्षांच्या होत्या. पोटाचे साधन म्हणजे काय आणि ते एका रात्रीत कसे जाते, हे या मुलीला त्या कोवळ्या वयात पाहावे लागले असणार.

पुढे दहा वर्षांच्या आतच, १९५७ साली, याच मुलीच्या कलेचा राष्ट्रपतींच्या पदकाने गौरव झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, त्या काळात सीमेवरच्या जवानांच्या मनोरंजनासाठीही त्यांनी कार्यक्रम केले. पुढे १९९० साली त्यांचा असाच राष्ट्रीय सन्मान दुसऱ्यांदा झाला. जुन्नरच्या माळावरून निघून दिल्लीच्या दरबारी दोनदा मान मिळवणाऱ्या बायका आपल्या जिल्ह्यात किती निघतील?

आता जी हकीकत सांगते, ती विठाबाईंच्या नावाबरोबर सर्वत्र सांगितली जाते. त्यांना दिवस भरले होते. तरीही रात्रीचा खेळ ठरलेला, लोक जमलेले, म्हणून त्या फडावर उभ्या राहिल्या. नाच चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या मागे राहुटीत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पदर बांधून पुन्हा नाचायला बाहेर आल्या. प्रेक्षकांना पोटातला फरक दिसला. काय झाले ते कळल्यावर लोक अवाक् झाले आणि त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

भगिनींनो, ही गोष्ट बहुधा कौतुकाने सांगितली जाते. ‘काय ती निष्ठा!’ असे उद्गार निघतात. निष्ठा होतीच. पण आपण बायका आहोत. आपण ही गोष्ट निराळ्या कानांनी ऐकली पाहिजे. आपल्या घरात लेक बाळंतपणाला येते तेव्हा आपण काय काय करतो? डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळंतकाढा, सव्वा महिना विश्रांती. आणि इथे एक बाई नाळ तुटताच उभी राहते. कशासाठी? केवळ कलेच्या प्रेमासाठी? मला तसे वाटत नाही. फड म्हणजे एकटी विठाबाई नव्हे. ढोलकीवाला, झीलकरी, सोंगाडे, नाचणाऱ्या मुली, आचारी, सामान वाहणारे अशा कितीतरी माणसांची भाकर त्या एका बाईच्या पायांतल्या घुंगरांवर अवलंबून होती. खेळ मोडला तर सुपारीचे पैसे बुडणार. हा भार डोक्यावर घेऊन ती बाई उभी राहिली. ती घरातली कर्ती होती. कर्त्या पुरुषाचा आपण मान राखतो. कर्त्या बाईला मात्र नाचणारी म्हणून बाजूला सारतो.

तमाशाचे अर्थकारण कसे चालते हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढची सारी दुःखे त्यातूनच उगवतात. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परत येतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात, तो सुगीचा काळ. त्या दिवसांत नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. म्हणून तर नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. पावसाळ्याचे महिने मात्र रिकामे. त्या दिवसांत घर चालवायला कलावंत मालकाकडून ‘उचल’ घेतो आणि हंगामभर काम करून ती फेडतो. मालकही सावकाराकडून कर्ज काढूनच उचल देतो. एक हंगाम बुडाला की व्याजावर व्याज चढते. पाऊस लांबला, दुष्काळ पडला, निवडणुकीची आचारसंहिता आली, जत्रेत दंगा झाला, की फटका फडाला. करोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ अशा लागोपाठ दोन वर्षी जत्रा भरल्या नाहीत. तेव्हा तर नामांकित फडांनाही दिवस काढणे जड गेले.

विठाबाईंचे उत्तरायुष्य कष्टात गेले. ज्या बाईच्या नावावर तंबू भरत होते, तिच्या पदरी म्हातारपणी पैसा राहिला नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटच्या आजारातले रुग्णालयाचे बिल त्यांच्या मृत्यूनंतर देणगीदारांनी वर्गणी करून भागवले. दोन वेळा राष्ट्राने गौरवलेली बाई आणि तिच्या अखेरच्या खर्चाला वर्गणी!

हे असे का व्हावे? विठाबाई उधळ्या होत्या म्हणून, की नशीब फुटके म्हणून? मला तिसरेच कारण दिसते, आणि ते समजण्यासाठी थोडे दूरचे उदाहरण देते.

अमेरिकेत खेड्यापाड्यांतल्या गाण्यांचा एक प्रकार आहे. त्याला ‘कंट्री म्युझिक’ म्हणतात. आपल्याकडे ढोलकी-तुणतुणे, तसे त्यांच्याकडे गिटार आणि फिडल. डोंगरातल्या शेतकऱ्यांची, खाणीतल्या मजुरांची, सोडून गेलेल्या नवऱ्यांची आणि दारूपायी मोडलेल्या संसारांची ही गाणी. त्यातली एक फार मोठी गायिका म्हणजे लोरेटा लिन. जन्म १९३२ चा, म्हणजे विठाबाईंहून तीन वर्षांनी मोठी. केंटकी प्रांतात कोळशाच्या खाणीतल्या मजुराची ही मुलगी. घरी भावंडांचे खटले, शिक्षण बेताचे, पंधराव्या वर्षी लग्न, विशीत चार लेकरांची आई. नवऱ्याने गिटार आणून दिली आणि ती स्वतःच्या स्वतः वाजवायला शिकली. १९६० साली तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिने गाणी लिहिली ती बायकांच्या सुखदुःखाची. त्यातली काही गाणी लावायला तिथल्या आकाशवाणी केंद्रांनीसुद्धा नकार दिला. १९७२ साली तिथल्या कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंत हा मान प्रथमच एका स्त्रीला मिळाला, आणि ती स्त्री म्हणजे लोरेटा. २०१३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिला राष्ट्रीय पदक दिले. २०२२ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी, स्वतःच्या मालकीच्या विस्तीर्ण शेतावरच्या घरी तिने देह ठेवला.

दोघी गरिबाघरच्या. दोघींना शाळा थोडी. दोघींचा गळा उपजत. दोघींना राष्ट्रप्रमुखांचे पदक. मग शेवट इतका निराळा का? कारण उघड आहे. लोरेटाचे गाणे तबकडीवर उतरले. तबकडी विकली गेली, रेडिओवर वाजली, की गाणे लिहिणारीचा हिस्सा कायद्याने तिच्या घरी येई. ती झोपली असताना तिचे गाणे कमाई करी. विठाबाईंचे गाणे रात्री माळावर झाले आणि पहाटेच्या वाऱ्याबरोबर विरून गेले. ज्या रात्री नाचायचे त्या रात्रीचे पैसे. पाय थांबले की पैसे थांबले. शेतमजुराची जी गत, तीच फडावरच्या गाणारीची. यात आणखी एक भेद आहे. लोरेटाच्या श्रोत्यांत बायका होत्या. बायकांनी तिची गाणी आपली मानली. विठाबाईंच्या समोरचा फड पुरुषांचा होता. आपण बायका तिथे सहसा नव्हतोच.

आणि गंमत अशी, की लावणी आपल्याला नकोशी होती असेही नाही. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट आला. तमाशावरच बेतलेला. हंसा वाडकरांचे काम पाहायला बायका मुलाबाळांसह गेल्या आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. पुढे १९७२ साली व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ने तोच अनुभव दिला. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या तर कोणाच्या घरी वाजल्या नाहीत? सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभ्या राहून ठसक्यात गात. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यांचा मान झाला याचा आनंदच आहे. मात्र ज्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी ती लावणी जिवंत ठेवली, त्या बायकांना आपण उंबऱ्याबाहेरच ठेवले. पडद्यावरची तमासगिरीण आपल्याला चालली, गावच्या जत्रेतली चालली नाही. फळ गोड लागले, झाडाला मात्र विटाळ!

आता कोणी म्हणेल, ‘बाई, तुम्ही एकच बाजू सांगता. तमाशापायी घरे उद्ध्वस्त झाली त्याचे काय? दौलतजादा करून पुरुष कफल्लक झाले त्याचे काय?’ हा आक्षेप खोटा नाही. अशा घरांतल्या सुना-लेकी इथे बसलेल्या असतील. त्यांच्या दुःखाला मी कमी लेखत नाही. पण पैसा उधळणारा हात कोणाचा होता? तो हात घरी आल्यावर आपण त्याला ताट वाढले आणि दोष मात्र नाचणारीला दिला. आणि उधळलेल्या पैशाने तरी ती श्रीमंत झाली का? विठाबाईंचा शेवट मी तुम्हांला आताच सांगितला. तेव्हा त्या घरची बाई आणि फडावरची बाई या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. एकाच दुखण्याने दोघींना गाठले, एवढेच.

याच जोडीला आपल्या भागातल्या दुसऱ्या एका प्रकाराविषयी बोलले पाहिजे. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला लावणीची कला केंद्रे आहेत. हा ढोलकीफड नव्हे, याला संगीतबारी म्हणतात. फडात पुरुष-स्त्रिया दोन्ही असतात आणि वग होतो. संगीतबारीत बायकांची पार्टी असते, तबला-पेटी-ढोलकीची साथ असते, वग नसतो, गाणे आणि अदा असते. पार्टीची चालक बहुधा बाईच. एकेका पार्टीची पाळी येते तिलाच ‘बारी’ म्हणतात. या थोर बैठकीच्या परंपरेतल्या वाईच्या यमुनाबाई वाईकर. त्यांचा जन्म १९१५ चा. १९७५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री, आणि वयाची शंभरी ओलांडून २०१८ साली त्या निवर्तल्या. त्याच परंपरेच्या लेकी आज चौफुल्याला आहेत. एसटीने तिथून जाताना आपण मान दुसरीकडे वळवतो.

आणि योगायोग असा, की चौफुल्याला लागूनच केडगाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्तिसदन उभारले. टाकलेल्या, विधवा झालेल्या, दुष्काळात उघड्या पडलेल्या बायकांना त्यांनी पोटाशी घेतले, लिहायला-वाचायला आणि हाताला काम शिकवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावीच वारल्या. ज्या तालुक्यात रमाबाई राहिल्या, त्या तालुक्यातल्या बायकांनी चौफुल्याच्या बायकांकडे पाठ फिरवावी, हे काही रमाबाईंच्या शेजाराला शोभत नाही.

शिरूर तालुक्याचे म्हणाल, तर पाबळला मस्तानीची समाधी आहे. तिच्या नावापुढे लोकांनी काय काय जोडले ते तुम्ही जाणताच. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईविषयी बोलताना आपली जीभ किती सहज सैल सुटते, याचा तो जुना दाखला आहे. पण ज्या कवठे येमाईतून नारायण खुडे निघाले, त्याच गावाने एक वेगळा दाखलाही घालून दिला आहे. बशीर मोमीन हे तिथले कवी, ‘कवठेकर’ या नावाने प्रसिद्ध. मुसलमान घरात जन्मलेल्या या माणसाने फडांसाठी गण, गौळणी आणि लावण्या लिहिल्या, वग लिहिले आणि वगांतून हुंडा, व्यसन असल्या दुखण्यांवर बोट ठेवले. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते गेले. मुसलमान कवीने गणपतीचा गण लिहावा आणि गावाने तो मान डोलवत ऐकावा, ही या कलेची खरी पुण्याई आहे. जातिधर्माच्या भिंती तमाशाच्या कनातीत फारशा टिकल्या नाहीत.

विठाबाईंच्या पश्चात काय राहिले? त्यांची लेक मंगला बनसोडे हिने आईचा वारसा चालवला आणि स्वतःचा मोठा फड उभा केला. योगिराज बागूल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ हे चरित्र लिहिले. आपल्या मंडळाच्या वाचनालयात ते असायला हवे. महाराष्ट्र शासनाने २००६ साली विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशासाठी आयुष्य वेचणाऱ्या कलावंताला तो दिला जातो. मंगलाबाईंनाही तो मिळाला आणि २०१८ साली कवठ्याच्या मोमीन यांनाही मिळाला. कवठ्यातून निघालेला फड, त्या फडाची नात, नातीच्या नावाचा पुरस्कार आणि तो पुन्हा कवठ्याच्या अंगणात! आपली घोड नदी शिरूरवरून जाऊन भीमेला मिळते, भीमा दौंडवरून पंढरपूरला जाते, तिथेच विठाबाई जन्मल्या. माणसांचेही पाण्यासारखेच आहे. कुठून निघते आणि कुठे जाऊन मिळते, सांगता येत नाही.

पण भगिनींनो, पुरस्कार वर्षाला एखाद्यालाच मिळतो. बाकीच्यांचे काय? इथे मंडळाने काही करावे असे मला मनापासून वाटते. भाषणे करून टाळ्या घेणे सोपे आहे. म्हणून तीन साधी कामे सुचवते. तिन्हींना पैसा फार लागत नाही, मन लागते.

पहिले काम असे. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. पण तिचा अर्ज भरायचा तर वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कलेत इतकी वर्षे काढल्याचे पुरावे अशी कागदपत्रे जोडावी लागतात. जिचा जन्म राहुटीत झाला आणि जिने आयुष्य बिऱ्हाड पाठीवर घेऊन काढले, तिने हे कागद कुठून आणावेत? आपल्यात शिक्षिका आहेत, पंचायत समितीत काम केलेल्या भगिनी आहेत. आपल्या दोन तालुक्यांत म्हाताऱ्या तमासगिरिणी किती आहेत याची गावनिहाय यादी करावी आणि एकेकीचा अर्ज हाताला धरून पुरा करून द्यावा.

दुसरे काम लेकरांचे. फड दसऱ्याला निघतो, म्हणजे शाळा निम्म्यावर असताना. मूल आईबरोबर गेले तर शाळा सुटते, मागे राहिले तर त्याला सांभाळायला कोणी नसते. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव विचारले जाते तेव्हाही पुष्कळ आयांची मान खाली जाते. आपल्या ओळखीच्या वसतिगृहांत अशा मुलामुलींची सोय होते का, हे पाहावे. शाळेत त्यांना कोणी हिणवू नये एवढी काळजी तर आपल्या शिक्षक-भगिनी आजपासून घेऊ शकतात. या मुली पुढे गातील की डॉक्टर होतील, ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. नाचायचे तर हौसेने नाचावे, नाइलाजाने नव्हे.

तिसरे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चौफुल्याच्या आणि कवठ्याकडच्या कलावंत भगिनींना आमंत्रण द्यावे. नाचायला नव्हे. पाहुण्या म्हणून. सतरंजीवर आपल्या शेजारी बसवून वाण द्यावे, तिळगूळ द्यावा, लेकराबाळांची चौकशी करावी. त्यांनी आपण होऊन गौळण म्हटली तर ऐकावी. गवळणींचे गाणे मुळात बायकांचेच आहे. दूध-दह्याची मडकी डोक्यावर घेऊन, घरचे आवरून बाजाराला निघालेल्या बायकांचे. शिरूरच्या आणि दौंडच्या बाजाराला रोज निघणाऱ्या बायका ते ऐकतील तर त्यांना त्यात आपलेच बोलणे ऐकू येईल.

कोणी म्हणेल, ‘लोक काय म्हणतील?’ लोक म्हणायचे ते म्हणतात. सावित्रीबाईंना म्हणाले, रमाबाईंना म्हणाले, आपले मंडळ सुरू झाले तेव्हाही म्हणालेच असतील. मंडळ चालूच आहे आणि आज त्याचा वर्धापनदिनही आहे.

विठाबाईंना हयातीत आपण काही देऊ शकलो नाही. पदके दिल्लीने दिली, टाळ्या पुरुषांनी दिल्या, बिले देणगीदारांनी भागवली. बायकांकडून त्यांना काय मिळाले, हा हिशेब आपल्याच नावावर शिल्लक आहे. विठाबाई नाहीत, पण त्यांच्या वाटेने चालणाऱ्या पुष्कळजणी आहेत. त्यांच्यापर्यंत तो पोहोचता करणे आपल्या हाती आहे.

 मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि पुढच्या वर्धापनदिनी या तीन कामांचा अहवाल चिटणीसबाईंच्या तोंडून ऐकायला मिळो, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेते.